अण्णांचा इतिहास बरोबर, गोळी मात्र बंद

प्रश्न : माझे वडील, अण्णा, ७१ वर्षांचे आहेत. निवृत्त मुख्याध्यापक. नगरला भाऊ-वहिनीकडे राहतात, मी पुण्यात असते. त्यांना बद्धकोष्ठाचा जुना त्रास आहे. दिवाळीत माळा आवरताना आजोबांची एक वही सापडली. आजोबांचे स्नेही असलेल्या एका हकीमसाहेबांचे नुस्खे त्यात मोडीत उतरवलेले आहेत. अण्णांना मोडी येते. त्यातल्या ‘हब्बे इयारज’ आणि ‘हब्बे कुकाया’ या गोळ्या त्यांनी घरीच करायला घेतल्या. काष्ठौषधींच्या दुकानातून एळिया, कडू वृंदावनाचा गर, सकमुनिया (एका वेलीचा रेचक चीक) आणतात, खलतात, गोळ्या वळतात आणि रोज रात्री घेतात. आधी दोन घ्यायचे, आता तीन लागतात. मधूनमधून पोटात कळा येतात, पिंढऱ्यांत गोळे येतात. त्यांना रक्तदाबाची, लघवीवाटे पाणी काढणारी आणि हृदयासाठी डिगॉक्सिनची अशा गोळ्या चालू आहेत. मी काही बोलले की म्हणतात, “ग्रीकांपासून इंग्रजांपर्यंत सगळ्यांनी दोन हजार वर्षं हेच घेतलं, तू मला शिकवू नकोस.” भाऊ म्हणतो, झाडपाल्याचंच तर आहे, अपाय काय होणार? मागच्या आठवड्यात अण्णांनी वहिनीलाही दोन गोळ्या काढून दिल्या. तिला तिसरा महिना आहे. तिने अजून घेतलेल्या नाहीत. अण्णा म्हणतात ते खरं आहे का? आणि त्यांना न दुखावता थांबवायचं कसं?
— पुण्याची लेक

उत्तर : इतिहासाकडे नंतर येते. आधी दोन फोन करा.

पहिला वहिनींना. त्या दोन गोळ्या टाकून द्यायच्या, ‘एखादी घेऊन बघते’ असंही नको. एळिया म्हणजे आपला काळा बोळ, कोरफडीचा आटवलेला कडू रस. तो आणि कडू वृंदावन दोन्ही गर्भारपणात वर्ज्य आहेत. एळिया आणि हिराबोळ घातलेल्या गोळ्या जुन्या काळी अडलेली पाळी आणण्यासाठी दिल्या जात, एवढं सांगितलं तरी त्यांना पुरे.

दुसरा भावाला. अण्णांना उद्याच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा. पिंढऱ्यांत गोळे येतात हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. पाणी काढणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रोजच्या जुलाबानेही कमी होतं. ते घसरलं की डिगॉक्सिनचा नेहमीचाच डोस विषासारखा वागू लागतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात. या तीन गोष्टी एकाच माणसाच्या पोटात रोज रात्री भेटत असतील तर वाट बघण्यात शहाणपणा नाही. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि ईसीजी एवढं तरी होऊन जाऊ दे. डॉक्टरांना घरच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगायचं, ‘काहीतरी आयुर्वेदिक घेतात’ असं मोघम नाही. आणि रागाच्या भरात अण्णांनी हृदयाच्या गोळ्या मनानेच बंद करू नयेत, याकडेही लक्ष असू द्या.

आता अण्णांचं म्हणणं. ते खरं आहे, आणि हे मी त्यांची समजूत काढायला म्हणत नाही. उलट त्यांना वाटतं त्याहून जास्त खरं आहे.

वहीतली इयारज ही मुळात ग्रीक. एळिया, दालचिनी, रुमी मस्तकी, केशर, जटामांसीच्या जातीचं सुंबुल अशी ती कडूजहर बनावट. ग्रीक वैद्य तिला ‘हिएरा पिक्रा’, म्हणजे ‘पवित्र कडू’, या नावाने ओळखत. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याच्या औषधांत ती आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकने गॅलेन अरबीत आणला. राझी आणि इब्न सीना या नामांकित हकिमांच्या ग्रंथांतून ही औषधं पक्की झाली. मग अकराव्या-बाराव्या शतकांत कॉन्स्टन्टाईन द आफ्रिकन आणि क्रेमोनाचा जेरार्ड यांनी अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेले आणि युरोपला आपल्याच घरच्या गोळ्या अरबांकडून परत मिळाल्या. अण्णांची कुकाया तिकडे ‘पिल्युली कोखिए’ या नावाने नांदत होती: एळिया, कडू वृंदावन, सकमुनिया, माल तोच. लंडनच्या वैद्यांनी १६१८ साली आपला पहिला अधिकृत औषधकोश छापला, तेव्हा हिएरा पिक्रा, कोखिए आणि एफिससच्या रूफस या ग्रीक वैद्याच्या नावाने चालणारी एळिया-हिराबोळ-केशराची गोळी, तिघींनाही त्यात जागा मिळाली. यातली तिसरी प्लेगच्या साथीत घ्यायची म्हणून प्रसिद्ध होती. प्लेगवर तिचा काय उपयोग झाला असेल ते सोडून द्या.

या देवघेवीत नगरही आहे, आणि हे अण्णांना जरूर सांगा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचं जाणं-येणं होतं. तिथले अरबी-फारसी शिकलेले हकीम आणि हा लॅटिन शिकलेला वैद्य औषधांची नावं ताडून पाहत बसत. त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यातलं एळियाचं प्रकरण अगदी सुरुवातीला येतं आणि निशोत्तर या रेचक वेलीचंही एक आहे. पुढे सोकोत्रा बेटावरचा उत्तम मानला जाणारा एळिया मुंबई बंदरात उतरायचा आणि तिथून युरोपात जायचा. अण्णा तुमच्यासमोर इंग्रजांचा दाखला देतात, त्या इंग्रजांच्या गोळीतला माल आपल्या धक्क्यावरून गेलेला असायचा. देणं एकतर्फीही नव्हतं. आपला त्रिफळा युनानीत ‘इत्रीफल’ होऊन बसलाच ना.

तर गोळ्या खऱ्या, वंशावळही खरी. प्रश्न असा की या गोळ्या कुणी, कधी आणि कशासाठी घेत होतं. अण्णांची गाडी इथे अडते.

या गोळ्या रोजच्या बद्धकोष्ठासाठी नव्हत्याच. इयारज आणि कुकाया प्रामुख्याने दिल्या जायच्या जुनाट डोकेदुखीला, घेरीला, अर्धांगवायूला, ‘मेंदूच्या शुद्धी’ला. शरीरात रक्त, कफ, पित्त आणि सौदा (काळं पित्त) असे चार खिल्त, म्हणजे दोष, त्यांतला एखादा बिघडून डोक्यात किंवा सांध्यांत साठला की त्याला खाली खेचून बाहेर काढायचं, असा तो विचार. काढा पटकन उतरतो आणि गोळी पोटात रेंगाळते, म्हणून लांबचा दोष खेचायला गोळी, असं पूर्वेकडचे हकीम आणि पश्चिमेकडचे वैद्य दोघंही मानत. हे शरीरशास्त्र आज टिकत नाही. पण त्या चौकटीत एक शिस्त होती आणि ती शिस्त अण्णांनी वहीतच ठेवून दिली.

हकीम कधी थेट मुसहिल, म्हणजे रेचक, देत नसे. आधी मुंजिज. बिघडलेला खिल्त ‘पिकवायला’ काही दिवस सौम्य काढे द्यायचे. पित्ताला थोडे दिवस पुरत, सौदाला पंधरवड्याच्या घरात लागत. मग नाडी आणि लघवी पाहून रेचक. रेचकाच्या दोन दिवसांमध्ये खंड आणि त्यात आतडी निवावीत म्हणून तबरीद, म्हणजे थंड, बुळबुळीत पेयं. खाणं हलकं. मोहीम संपली की औषध बंद. आपल्या वैद्यांचं विरेचन वेगळं नाही. आधी स्नेहन-स्वेदन, मग औषध, मग पेया-विलेपीवरून, म्हणजे पातळ-दाट पेजेवरून, हळूहळू जेवणावर. याची मुळं प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत सापडतात. पिकलेल्या दोषालाच रेचक द्या, कच्च्याला नको. भर उन्हाळ्यात रेचक जाचक ठरतं. धडधाकट माणसाला रेचक दिलं तर त्याची ताकद जाते. आणि गर्भवतीबद्दल: दिलंच तर चौथ्या ते सातव्या महिन्यात, तेही जपून, त्याच्या आधी किंवा नंतर टाळा. वहिनींना तिसरा महिना आहे, म्हणजे ग्रीकांनीसुद्धा अण्णांच्या हातातून गोळ्या काढून घेतल्या असत्या. (ते चौथा ते सातवाही आज कुणी पाळू नये.)

दुसरी शिस्त मुसलिहची. प्रत्येक जहाल औषधाला एक आवर घालणारं औषध ठरलेलं असे. कडू वृंदावनाला कतीऱ्याचा डिंक, निशोत्तराला बदामाचं तेल, एळियाला रुमी मस्तकी. सकमुनियाचं तर फारच सुंदर आहे. तो राळेसारखा चीक बिहीच्या किंवा सफरचंदाच्या पोटात भरून, फळ भाजून मग वापरायचा, म्हणजे त्याचा तिखटपणा कमी होतो. आपल्याकडे बिहीदाणा मिळतो, त्याचंच हे फळ. युरोपातले औषधविक्रेतेही सकमुनिया असाच बिहीत भाजत आणि त्याला वेगळं नाव देऊन बरणीत ठेवत. हकीमसाहेबांनी वहीत ‘मुशव्वी’ असं काही लिहिलंय का ते बघा. त्याचा अर्थ भाजलेला. अण्णांनी तो भाजला होता का?

मग रोज रात्रीची गोळी आली कुठून? ती आली दुकानातून. स्कॉटलंडमधला डॉक्टर पॅट्रिक अँडरसन याने १६३५ मध्ये आपल्या ‘दिव्य दाण्यां’ची जाहिरात करणारं पुस्तक काढलं. एळियाच्या त्या गोळ्या ‘स्कॉट्स पिल्स’ म्हणून पुढे विसाव्या शतकापर्यंत विकल्या गेल्या. उच्चभ्रू इंग्रज जेवणाआधी एळिया, मस्तकी आणि गुलाबपाकळ्यांची ‘डिनर पिल’ घेऊ लागले. १८२५ नंतर जेम्स मॉरिसनने ‘वनस्पतिजन्य, सर्व रोगांवर एकच’ अशी गोळी आणली. सगळे रोग रक्ताच्या अशुद्धीतून होतात, गोळ्या कितीही घ्या, अपाय नाही, असा त्याचा प्रचार. गोळीत एळिया, कडू वृंदावन आणि गँबोज नावाचा जहाल पिवळा चीक. लोक मूठमूठ गोळ्या खाऊन मेले आणि १८३६ मध्ये त्या विकणाऱ्या माणसावर इंग्लंडात मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला. ‘झाडपाला आहे, काय होणार’ हे तुमच्या भावाचं वाक्य त्यांच्याही तोंडी होतं.

त्यानंतर थॉमस होलोवे. एळिया, सुंठ आणि साबण यांच्या गोळ्या जगभर विकून त्याने इतका पैसा केला की त्यातून मुलींचं एक भलंमोठं कॉलेज उभं राहिलं, १८८६ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. त्याच्या मागोमाग बीचम. पुन्हा एळिया, सुंठ, साबण. ‘एका डबीची किंमत एक गिनी’ हे त्याचं ब्रीद. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये असल्या गुप्त औषधांची चिरफाड करणारं पुस्तक छापलं, त्यात हिशोब आला: साडेतेरा पेन्सच्या डबीत ५६ गोळ्या, आणि आतल्या मालाची किंमत पेनीच्या आठव्या हिश्शाएवढी. तरीही बीचमच्या गोळ्या १९९८ पर्यंत निघत होत्या.

म्हणजे अण्णा नुस्खा हकीमसाहेबांचा वापरतात आणि रीत बीचमसाहेबांची. हे त्यांना याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल. मुख्याध्यापकांना चिमटा समजतो.

भावासाठी थोडं रसायन. एळियातलं ॲलोइन आणि सोनामुखीतली सेनोसाइड्स मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी फोडल्यावर काम करतात. त्याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून ही औषधं रात्री घ्यायची. सकमुनिया आणि निशोत्तर दोन्ही एकाच कुळातल्या वेलींचे राळयुक्त रेचक. कडू वृंदावनातली द्रव्यं मात्र आतड्याचं अस्तर सरळ चेतवतात, मात्रा चुकली तर रक्ताचे जुलाब होतात आणि अशाने माणसं दगावल्याच्याही नोंदी आहेत. एळियाच्या दोन खड्यांतलं ॲलोइनचं प्रमाण सारखं नसतं, त्यामुळे वहीतली मासा-गुंजांची जुनी वजनं काटेकोर तोलली तरी आजची गोळी कालच्याएवढीच निघेल याचा भरवसा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये एळियाची रेचकं दुकानातून थेट विकायला बंदी केली, कारण ती सुरक्षित असल्याचा पुरावा कंपन्यांनी दिलाच नाही. दोनच्या तीन झाल्या, त्याचं कारणही साधं आहे. आतडं रोज कुणी ढकललं की ते स्वतः हलायचा आळस करू शकतं, आणि पोटॅशियम घटलं की त्याच्या स्नायूंतला जोरही जातो. म्हणजे गोळीच बद्धकोष्ठ वाढवते आणि आपण आणखी गोळी घेतो.

आता अण्णांशी बोलायचं कसं. ‘बंद करा’ने सुरुवात करू नका. तो वाद तुम्ही बरेचदा हरला आहात असं पत्रावरून दिसतं. वही उघडून समोर बसा आणि विद्यार्थिनीसारखं विचारा. अण्णा, या गोळीच्या वर मुंजिजचा काढा दिलाय का? ही किती दिवस घ्यायची असं लिहिलंय? मध्ये तबरीद सांगितलीय का? कतीरा घातला होता का? नुस्खा कुणासाठी होता, रोगाचं नाव काय दिलंय? चांगल्या हकिमाच्या नुस्ख्यात यातलं काही ना काही असतंच. नसलं, तर नुस्खा अर्धवट उतरवलाय किंवा समोरच्या रोग्याला तोंडी सांगण्याचा भाग वेगळा होता, हे अण्णांना स्वतःलाच कळेल. हकीमसाहेबांच्या विद्येवर शंका घ्यायची नाही, उलट तिचा मान राखायचा. त्यांच्यापुढे ७१ वर्षांचा, डिगॉक्सिन घेणारा माणूस बसला असता तर त्यांनी कुकाया दिली असती का, एवढाच प्रश्न. माझ्या मते नाही. म्हाताऱ्या, अशक्त प्रकृतीला जहाल मुसहिल टाळा, हे त्यांच्याच शास्त्रात सांगितलंय.

तरी अण्णांना युनानीच हवं असेल तर तेही चालेल, पण हकीम बीयूएमएस (युनानीची पदवी) झालेला, महाराष्ट्रात नोंदणी असलेला बघा. चालू गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवा. जाणकार हकीम ती बघून एळियाला हातही लावणार नाही. आणि त्या वहीची प्रत करून ठेवा. मोडीत उतरवलेले युनानी नुस्खे घरोघरी नसतात. अण्णांनी ती देवनागरीत उतरवायला घेतली तर त्यांच्या रात्री गोळ्या वळण्यापेक्षा बऱ्या जातील.

बद्धकोष्ठाचं काय करायचं ते डॉक्टर बघतील, पण विचारायच्या गोष्टी सांगते. थायरॉइड आणि साखर तपासली आहे का? चालू गोळ्यांत पोट बांधणारी कुठली आहे का? रक्तदाबाच्या काही गोळ्या, लोह, कॅल्शियम हे नेहमीचे आरोपी. इसबगोल चांगलं, पण त्याला भरपूर पाणी लागतं आणि हृदयाच्या रोग्याला कधी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं, म्हणून आधी विचारा. नाहीतर लॅक्ट्युलोज किंवा पाणी धरून ठेवणारी पावडर मिळते. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. आणि हे मात्र विसरू नका: शौचातून रक्त जाणं, वजन उतरणं, रक्त कमी होणं, किंवा सवय अलीकडे अचानक बदललेली असणं यांतलं काहीही असेल तर मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्या. रोजच्या जुलाबाखाली हे सगळं झाकलं जातं.

गोळ्या थांबल्यावर पहिले काही दिवस पोट साफ होणार नाही आणि अण्णा म्हणतील, “बघ, सांगत होतो ना.” तेव्हा डगमगू नका. सुस्तावलेलं आतडं जागं व्हायला वेळ लागतो, आणि डॉक्टरांनी दिलेलं सौम्य औषध तोवर चालू असेलच. पण पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वाराही सरेनासा झाला, किंवा छातीत धडधडून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मला पत्र लिहीत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.